शंभर सगळ्यांना पाठ, ऐंशी कुणालाच नाहीत

मी कुटुंब न्यायालयात वकिली करते. माहेर रत्नागिरीकडचं, सासर सोलापूरचं. त्यामुळे आमच्या घरात शाफई आणि हनफी असे दोन मजहब (इस्लामी कायद्याच्या परंपरा) सुखानं नांदतात. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा ही रोजची कामं. मुस्लिम पक्षकारांच्या प्रकरणात बाईच्या चारित्र्याचा विषय निघाला, की कुणीतरी कुराणाचा हवाला देतंच. कधी नवरा, कधी दीर, कधी जमातीतले कुणी वडीलधारे. आणि हवाला बहुतेक वेळा एकाच आयतीचा असतो. कोर्टाच्या कामातून वेळ काढून आम्ही काही बायका सूरा अन्-नूर आणि तिच्यावरच्या तफसिरी (भाष्यं) एकत्र वाचत आलो आहोत. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण साक्षीपुरावा तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि व्यभिचाराबद्दलच्या आयती पुष्कळशा पुराव्याबद्दलच्याच आहेत, हे वाचता वाचता पटत गेलं. त्यातून हाती लागलेल्या या काही गोष्टी.

१. एक आयत घेऊन येणाऱ्याला पुढच्याही वाचायला लावा

अन्-नूर ही कुराणातली २४वी सूरा. तिच्या दुसऱ्या आयतीत जिना (व्यभिचार) करणाऱ्या स्त्रीला आणि पुरुषाला प्रत्येकी १०० फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. ही आयत सगळ्यांना पाठ असते. मध्ये एकच आयत सोडली, की चौथीत दुसरी शिक्षा येते: जो पाकदामन स्त्रीवर आळ घेतो आणि चार साक्षीदार आणत नाही, त्याला ८० फटके, आणि त्याची साक्ष पुढे कधीही ग्राह्य धरायची नाही. पाचव्या आयतीत पश्चात्ताप करून सुधारणाऱ्यांचा अपवाद आहे. सहावीपासून नवरा-बायकोच्या शपथा येतात आणि अकरावीपासून विसावीपर्यंत एका अफवेची झाडाझडती.

म्हणजे कृत्याच्या शिक्षेला एक आयत आणि आरोप, शपथ, कुजबुज यांना चौथीपासून विसावीपर्यंतची जागा. कुणी मला दुसरी आयत ऐकवली, की मी त्यांनाच चौथी वाचायला सांगते. मोठ्यानं. बऱ्याच जणांचा आवाज तिथे खाली येतो.

२. हाराची गोष्ट अर्धी सांगू नका

या आयती कोऱ्या कागदावर लिहिलेली कलमं नाहीत. अकराव्या आयतीपासूनचा भाग ज्या प्रसंगावर उतरला, तो खुद्द पैगंबरांच्या घरातला. हिजरी सन ५ किंवा ६. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना एका मुक्कामावर पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांचा हार हरवला. त्या तो शोधायला गेल्या. त्या आत बसल्या आहेत असं समजून लोकांनी हौदा उंटावर चढवला आणि काफिला निघून गेला. मागून येणाऱ्या सफवान बिन मुअत्तल यांना त्या दिसल्या. त्यांनी आपल्या उंटावर त्यांना बसवलं, स्वतः पायी चालत काफिल्यापर्यंत आणलं. एवढ्यावरून मदिनेत बोलणं सुरू झालं. त्यात पुढाकार अब्दुल्ला बिन उबय्यचा.

सुमारे महिनाभर ही कुजबुज चालली. आयेशा आजारी होत्या. आपल्याबद्दल काय बोललं जातंय हेही त्यांना उशिरा कळलं. त्या आईवडिलांकडे गेल्या. महिनाभर वही (ईश्वरी संदेश) नाही, निवाडा नाही. या काळात त्यांची सवत जैनब बिन्त जहश यांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी आपल्याला आयेशांबद्दल चांगलंच ठाऊक आहे, असं सांगितलं. जैनब यांची सख्खी बहीण हमना मात्र अफवा पसरवणाऱ्यांत होती. शेवटी आयेशांना निर्दोष ठरवणाऱ्या आयती आल्या. हमना, मिस्तह आणि कवी हस्सान बिन साबित यांना आळ घेतल्याबद्दल फटके बसले, असं परंपरा सांगते.

लोक गोष्ट इथे संपवतात. पण मिस्तह हे आयेशांचे वडील अबू बकर यांचे गरीब नातलग, त्यांच्याच मदतीवर जगणारे. यापुढे याला काही देणार नाही, अशी शपथ अबू बकर यांनी घेतली, तेव्हा २२वी आयत उतरली: ऐपत असलेल्यांनी अशा शपथा घेऊ नयेत, माफ करावं. मदत पुन्हा सुरू झाली. ज्याच्या तोंडून लेकीची बदनामी झाली, त्याची रोजीरोटी मात्र तोडायची नाही. आमच्या वाचनात सगळ्यात जास्त वाद झाला तो या आयतीवर. चार साक्षीदारांवरही एवढा झाला नाही. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर तिच्या घरातला एखादा मिस्तह होता.

३. चार साक्षीदारांकडे वकिलाच्या नजरेनं पाहा

चार साक्षीदार म्हणजे ‘चौघं म्हणतात’ असं नव्हे. फकिहांनी (इस्लामी कायदेपंडितांनी) घातलेल्या अटी पाहिल्या तर कुठल्याही फौजदारी वकिलाला घाम फुटेल. चौघंही सज्ञान आणि विश्वासार्ह हवेत. चौघांनी प्रत्यक्ष संभोग पाहिलेला हवा. खोलीतून बाहेर पडताना, एका पांघरुणात, एका गाडीत पाहणं पुरत नाही. जागा, वेळ, माणसं यांबद्दल साक्ष जुळली पाहिजे. तिघं ठाम राहिले आणि चौथा डगमगला, तर बहुसंख्य फकिहांच्या मते ते तिघं स्वतःच आरोपी होतात.

हे कागदावर राहिलं नाही. हजरत उमर यांच्या खिलाफतीत, हिजरी १७च्या सुमारास, बसऱ्याचा सुभेदार मुगीरा बिन शुअबा याच्यावर जिनाचा आरोप आला. अबू बकरा, नाफे आणि शिब्ल बिन माबद या तिघांनी ठाम साक्ष दिली. चौथा जियाद उभा राहिला आणि त्याची साक्ष तिथपर्यंत पोहोचली नाही. मुगीरा सुटला, तिघांना फटके बसले. अबू बकरा हे पैगंबरांचे सहाबी. त्यांनी आपली साक्ष शेवटपर्यंत मागे घेतली नाही.

असा पुरावा बंद खोलीतल्या कृत्याचा मिळणं जवळजवळ अशक्य. तो मिळेल ते चारचौघांच्या डोळ्यांदेखत, लाजलज्जा सोडून केलेल्या कृत्याचा. म्हणून असिफा कुरैशी यांच्यासारख्या अमेरिकेतल्या मुस्लिम कायदेपंडितांनी असा अर्थ लावला आहे, की ही शिक्षा खरं तर सार्वजनिक बेपर्दगीची आहे; आत काय झालं ते माणूस आणि त्याचा रब यांच्यात. आतलंही पापच आहे, याबद्दल कुराणात संदिग्धता नाही. १७व्या सूरेतली ३२वी आयत जिनाच्या जवळसुद्धा जाऊ नका म्हणते. पण प्रत्येक पापासाठी काजीचा दरवाजा उघडलेला नाही.

४. भिंत चढून गेलात तर तुमचाच हिशेब आधी होईल

याच सूरेतली २७वी आयत सांगते, की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय शिरू नका. पुढची म्हणते, परत जा असं सांगितलं तर परत जा. ४९व्या सूरेतली १२वी आयत पाळत ठेवायला मनाई करते.

हजरत उमर यांची एक गोष्ट इमाम गझाली यांनीही सांगितली आहे. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून उमर भिंत चढून आत गेले. आत एक माणूस, एक बाई आणि दारू. उमर रागावले. तो माणूस म्हणाला, मी अल्लाहचा एक हुकूम मोडला, तुम्ही तीन मोडलेत: पाळत ठेवलीत, दारानं न येता भिंतीवरून आलात, आणि सलाम न करता शिरलात. खलिफा त्याला सोडून परत गेले.

ऑगस्ट २०१५मध्ये मुंबई पोलिसांनी मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घातले आणि खोल्यांमधून जोडप्यांना बाहेर काढलं. लावलेलं कलम होतं महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११०वं, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. दार लावलेली खोली सार्वजनिक कशी, हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. त्या दिवसांत माझ्या ओळखीतली काही धार्मिक मंडळी छाप्यांवर खूश होती. त्यांना मी उमर यांची गोष्ट सांगितली. त्यातल्या एकानं ती पूर्वी ऐकलेली होती. पण ती हॉटेलच्या खोलीलाही लागू पडते, हे त्याला मान्य नव्हतं.

५. नवऱ्याला वेगळी वाट आहे, पण शेवटची शपथ बायकोची

नवऱ्यानं घरी येऊन डोळ्यांनी पाहिलं, तर तो चार माणसं गोळा करायला जाणार का? हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला. हिलाल बिन उमय्या यांच्या प्रकरणात अन्-नूरच्या सहाव्या ते नवव्या आयतींतला लिआन आला, असं हदीस सांगतात. नवरा चार वेळा अल्लाहची शपथ घेऊन आरोप करतो. पाचव्यांदा म्हणतो, मी खोटा असेन तर माझ्यावर लानत. मग बायको चार वेळा शपथेवर नाकारते. पाचव्यांदा म्हणते, हा खरा असेल तर माझ्यावर अल्लाहचा कोप. तिच्या शपथांनी शिक्षा टळते. लग्न संपतं, पण तिला हात लावता येत नाही.

भारतात हे नुसतं पुस्तकात नाही. नवऱ्यानं खोटा आळ घेतला, तर त्या आधारावर मुस्लिम स्त्री विवाह रद्द करून मागू शकते. अलाहाबाद उच्च न्यायालयानं १९१९मध्येच हे मान्य केलं. पुरावा संपण्याआधी नवऱ्यानं आरोप प्रामाणिकपणे आणि बिनशर्त मागे घेतला, तरच तिचा हा हक्क जातो. माझ्याकडे येणारे नवरे मोबाइल पुढे करतात: हे चॅट बघा, हा कॉल किती मिनिटांचा ते बघा. मी म्हणते, ठीक आहे, हे लेखी जबाबात लिहू या. पण ते सिद्ध झालं नाही, तर तिला घटस्फोटाचं कारण तुम्हीच लिहून दिलेलं असेल. बरेच जण मोबाइल खिशात ठेवतात आणि मग खऱ्या भांडणाबद्दल बोलू लागतात. ते पुष्कळदा पैशाचं असतं.

६. कुराण, हदीस आणि फिकह (कायदाशास्त्र) यांची खाती वेगळी ठेवा

वाण्याच्या वहीत उधारी आणि रोकड एका रकान्यात लिहिली तर हिशेब लागेल का? आपल्याकडे धर्माच्या चर्चेत सर्रास तेच होतं. सगळ्यात मोठं उदाहरण रजमचं, दगडांनी मारण्याचं. ही शिक्षा आजच्या कुराणाच्या मजकुरात नाही. ती हदिसांत आहे. माइज बिन मालिक आणि गामिद कबिल्यातली स्त्री यांची प्रकरणं प्रसिद्ध आहेत. दोघांनीही स्वतः येऊन कबुली दिली होती. माइजला पैगंबरांनी पुन्हा पुन्हा परतवलं, हा वेडा तर नाही ना, प्यायलेला तर नाही ना, अशी चौकशी केली. त्याला कबुलीसाठी पाठवणाऱ्या हज्जालला त्यांनी सांगितलं, की तू त्याच्यावर पांघरूण घातलं असतंस तर तुझ्यासाठी बरं झालं असतं.

चारही सुन्नी मजहब आणि शिया फिकह विवाहितासाठी रजम मानतात. पण विरोधाचा सूरही जुना आहे. खवारिज या सुरुवातीच्या पंथानं ती नाकारली. एक युक्तिवाद असा: चौथ्या सूरेतली २५वी आयत विवाहित दासीला स्वतंत्र स्त्रीच्या निम्मी शिक्षा सांगते, फटके निम्मे होतात, मृत्यू निम्मा कसा होणार? आझमगडचे अमीन अहसन इस्लाही यांनी आपल्या तफसिरीत रजमचा संबंध साध्या व्यभिचाराशी नाही, तर पाचव्या सूरेतल्या ३३व्या आयतीतल्या फसादाशी (माजवलेल्या उपद्रवाशी) जोडला. इजिप्तचे नामवंत फकिह मुहम्मद अबू जहरा यांनी १९७२मध्ये लिबियातल्या एका परिषदेत रजमविरुद्ध मत मांडलं, तेव्हा सभेत गदारोळ झाला.

फिकहमध्ये आणखी फाटे आहेत. अविवाहितेचं गरोदरपण मालिकी मजहबात पुरावा धरला जातो; शाफई आणि हनफी ते पुरेसं मानत नाहीत. म्हणजे माझ्या माहेरी आणि सासरी जी बाई सुटेल, ती मालिकी काजीसमोर अडकू शकते. तेव्हा ‘इस्लाम म्हणतो’ असं वाक्य सुरू झालं, की मी विचारते: कोण म्हणतं? आयत, हदीस की फकिह? आणि फकिह असेल तर कुठल्या मजहबाचा?

७. जिथे तफसीरकारांतच मतभेद आहे, तिथे ठामपणा आवरा

चौथ्या सूरेच्या १५व्या आयतीत बेहयाईचं कृत्य करणाऱ्या स्त्रियांविरुद्ध चार साक्षीदार आणायला आणि साक्ष झाली तर त्यांना घरात ठेवायला सांगितलं आहे, मृत्यू येईपर्यंत किंवा अल्लाह दुसरी वाट काढेपर्यंत. १६वीत दोघांना त्रास देण्याचा उल्लेख आहे. पश्चात्ताप केला, सुधारले तर त्यांना सोडून द्या, असंही. बहुतेक तफसीरकार म्हणतात, हा सुरुवातीचा हुकूम, अन्-नूरनं तो बदलला. अबू मुस्लिम इस्फहानी यांचं म्हणणं वेगळं: पहिली आयत स्त्री-स्त्री संबंधांची, दुसरी पुरुष-पुरुष संबंधांची, आणि काहीही रद्द झालेलं नाही. हजार वर्षांहून जुना हा वाद आहे. मला यातला एक धागा हाती धरावासा वाटतो: अर्थ कुठलाही घ्या, चार साक्षीदार आणि तौबेची वाट दोन्हीकडे आहे.

८. शिक्षा सरकारच्या हाती गेली, की आधी अटी गळून पडतात

पाकिस्तानात झिया-उल-हक यांनी १९७९मध्ये हुदूद अध्यादेश आणले. त्यात जिना आणि बलात्कार एकाच अध्यादेशात बसवले. कमाल शिक्षेसाठी चार पुरुष साक्षीदार. ते नसतील तर ताजीर (न्यायाधीशाच्या विवेकावरची शिक्षा) म्हणून कमी पुराव्यावर तुरुंग आणि फटके. चार साक्षीदारांची भिंत अशी मागच्या दारानं पाडली गेली. बलात्काराची फिर्याद घेऊन आलेल्या बाईचं म्हणणं सिद्ध झालं नाही, तर तीच जिनाच्या कबुलीत अडकायची. एका अंध तरुणीला गरोदरपणावरून तीन वर्षं कैद, १५ फटके आणि दंड झाला. आरोपी बापलेक सुटले. १९८३मध्ये फेडरल शरीयत कोर्टानं तिला निर्दोष सोडलं. याच कोर्टानं १९८१मध्ये रजम ही हद (धर्मानं ठरवून दिलेली शिक्षा) नाही, असा निर्णय दिला होता. त्यानंतर खंडपीठ बदललं गेलं आणि १९८२मध्ये निर्णय फिरला. २००६च्या कायद्यानं बलात्कार पुन्हा दंडसंहितेत नेला.

नायजेरियात कत्सीना राज्यात अमीना लवाल यांना २००२मध्ये रजमची शिक्षा झाली. सप्टेंबर २००३मध्ये शरीयत अपील न्यायालयानंच ती रद्द केली. तीनऐवजी एकच न्यायाधीश बसला होता, बचावाची नीट संधी मिळाली नव्हती, आणि कबुली मागे घेता येते, ही कारणं त्यात होती. त्यांच्या वकिलांनी फिकहचेच ग्रंथ उघडून खटला जिंकला. वकील म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं: जुन्या अटी कुणीतरी कोर्टात उभं राहून मागाव्या लागतात, आपोआप कुणी देत नाही.

९. गोड करून सांगू नका

सुधारणेच्या उत्साहात काही जण म्हणतात, कुराणात शिक्षाच नाही. आहे. अन्-नूरची दुसरी आयत स्पष्ट आहे. ती शिक्षा देताना कीव आडवी येऊ देऊ नका आणि काही लोकांसमोर द्या, असंही त्याच आयतीत आहे. ते लपवलं, की समोरचा पुस्तक उघडून दाखवतो आणि बाकीचं खरंही त्याला खोटं वाटायला लागतं. शारीरिक शिक्षा मला आजच्या काळात पटत नाही, आणि हे मी आमच्या वाचनातही उघड बोलते. काहींना ते रुचत नाही. पण आयत काय म्हणते आणि मला काय वाटतं, हे दोन वेगळे मुद्दे आहेत.

१०. मोहल्ल्यात दोन कायदे विसरू नका

भारतीय दंडसंहिता १८६२पासून लागू झाली, तेव्हाच इथला मुस्लिम फौजदारी कायदा संपला. व्यभिचाराचं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ला रद्द केलं. नव्या न्याय संहितेतही ते नाही. तेव्हा जमातीला या बाबतीत शिक्षा देण्याचा काडीइतकाही अधिकार नाही. दंड, कबरस्तानात जागा नाही, लग्नाला कुणी जायचं नाही, असं ठरवलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ साली मंजूर झालेला, आडवा येतो, आणि तो सगळ्या धर्मांच्या समाजांना लागू आहे.

दुसरा कायदा अन्-नूरच्याच १९व्या आयतीत आहे: इमानवाल्यांमध्ये बेहयाई पसरावी, असं ज्यांना आवडतं, त्यांना दुनियेत आणि आखिरतमध्येही यातना. एका प्रकरणात बाईचा व्हिडिओ नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. ‘समाजाला कळावं म्हणून’ तो पाठवला, असं पाठवणाऱ्यानं सांगितलं. त्या ग्रुपवर रोज सकाळी हदीसही यायची. मोबाइलचा कॅमेरा म्हणजे चार विश्वासार्ह साक्षीदार नव्हेत. आणि तो व्हिडिओ पाठवणारा या आयतीसमोर कुठे उभा आहे, हे सांगायला मौलानाही लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यासमोर तर तो आरोपीच आहे.

११. नजरेचा हुकूम आधी पुरुषांना

तिसावी आयत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. स्त्रियांची आयत त्यानंतरची, एकतिसावी. जुम्म्याच्या बयानात हा क्रम बरेचदा उलटा ऐकू येतो. यापेक्षा जास्त काही लिहायची गरज वाटत नाही.

१२. खरं पाहिलेल्यालाही गप्प राहायला सांगणारा कायदा आहे, हे मान्य करा

तेरावी आयत म्हणते, त्यांनी चार साक्षीदार आणले नाहीत, म्हणजे अल्लाहजवळ तेच खोटे. फकिहांनी यातून काढलेला नियम असा, की साक्षीदार नसलेला आरोपकर्ता कायद्याच्या दृष्टीनं खोटाच, मग त्यानं खरोखर काही पाहिलेलं का असेना. हे कठोर आहे. माझ्यासमोर असे नवरे आले आहेत, ज्यांचं म्हणणं मला खरं वाटलं. त्यांच्यासाठी माझा सल्ला एकच राहिला: लग्न टिकत नसेल तर ते संपवा, खुल्यानं (बायकोच्या मागणीनं) किंवा तलाकनं, कायद्यानं जो रस्ता आहे त्यानं, पण तिच्या नावावर शिक्का मारून नका जाऊ. तिची आई, तिची मुलं, तिचं पुढचं आयुष्य त्या शिक्क्याखाली जातं आणि तुमच्या हाती एकही साक्षीदार नसतो. काहींनी ऐकलं, काही दुसऱ्या वकिलाकडे गेले. गेलेल्यांना हवा तसा वकील मिळालाही असेल. चौथी आयत मात्र त्यांच्यासाठी बदलणार नाही.